‘भौगोलिक कारणे लिहा’

23 मार्च 2020 रोजी महाराष्ट्रातील दहावीच्या विद्यार्थ्यांचा भूगोलाचा पेपर व्हावयाचा होता. साथीमुळे तो प्रथम पुढे ढकलण्यात आला आणि एप्रिलमध्ये रद्द करण्यात आला. अन्य विषयांत मिळालेल्या गुणांची सरासरी काढून भूगोलाचे गुण देण्यात आले. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग काढणे अवघड होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यानंतरच्या काही आठवड्यांत या देशातील कष्टकऱ्यांवर जो प्रसंग ओढवला, तो ध्यानात घेतला म्हणजे या योगायोगाचा अर्थ अधिक बोचू लागतो. हातचे काम गेलेले लक्षावधी मजूर मुंबई, पुणे, नाशिक येथून उत्तरेकडे पायी निघाले होते. कोणत्या रस्त्याने गेल्यास राज्याची हद्द लवकर ओलांडता येईल, पाणी कोठे मिळेल, लोहमार्ग कोणत्या गावाकडे जातो, हे प्रश्न त्यांच्यापुढे जीवनमरणाचे होऊन उभे ठाकले. 8 मे 2020 रोजी पहाटे तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ लोहमार्गावर झोपी गेलेले 16 मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याहून भुसावळकडे रुळांच्या कडेने चालत ते मध्य प्रदेशातील आपल्या गावी निघाले होते. लोहमार्ग हाच त्यांचा नकाशा होता.

याच दिवसांत, 2 मे रोजी, नाशिकहून मजुरांना घेऊन एक विशेष गाडी सुटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लखनौला पोहोचली. तिच्यातून आठशेहून अधिक माणसे उतरली. ही माणसे नाशिकला का आली होती? त्यांच्या गावची जमीन सुपीक गंगा-मैदानातील असताना तिच्यावर त्यांचे पोट का भरत नव्हते? हे दोन्ही प्रश्न भूगोलाचेच आहेत. परंतु नाशिकच्या वा लखनौच्या शाळेत भूगोल ज्या रीतीने शिकवला जातो, त्या रीतीने यांपैकी एकाचेही उत्तर विद्यार्थ्याला मिळत नाही.

पायाखालची जमीन

लखनौच्या उत्तर भागात विकास नगर नावाची वसाहत आहे. सेक्टरांत विभागलेली, नोकरदार व लहान व्यापारी यांच्या वस्तीची, शिकवणी-वर्गांच्या पाट्यांनी भरलेली अशी ही वसाहत भारतातील कोणत्याही वाढत्या शहरात सापडेल. मार्च 2024 मध्ये येथील एक रस्ता एकाएकी खचला, खोल खड्डा पडला आणि एक मोटार त्याच्या काठावर अडकून राहिली. तिची छायाचित्रे देशभर पसरली, लोकांनी थट्टा केली आणि विषय संपला.

विकास नगरातील दहावीच्या विद्यार्थ्याला या खड्ड्याचे कारण विचारले तर तो काय सांगेल? पाठ्यपुस्तकात तो शिकलेला असतो की गंगेचे मैदान गाळाचे बनले आहे, जुन्या गाळाला भांगर व नव्या गाळाला खादर म्हणतात. ही माहिती त्याला तोंडपाठ असते, दोन गुणांच्या प्रश्नात तो ती लिहितो. परंतु आपले घर, शाळा आणि तो खचलेला रस्ता याच गाळावर उभा आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. वाळू व मातीच्या अशा थरांत पुरलेली जलवाहिनी किंवा मलवाहिनी गळू लागली की पाण्याबरोबर माती वाहून जाते, वरचा डांबरी थर तसाच राहतो, आत पोकळी वाढत जाते आणि एके दिवशी रस्ता बसतो. यातील अर्धे कारण निसर्गाचे आहे. उरलेले अर्धे कारण वाहिनी कोणी टाकली, ठेका कोणाला मिळाला, देखरेख कोणी केली नाही आणि वस्तीच्या वाढीला ती वाहिनी पुरेशी होती काय, या प्रश्नांत दडलेले आहे. पहिले अर्धे कारण पुस्तकात आहे. दुसऱ्या अर्ध्याला पुस्तकात जागा नाही.

या वसाहतीपासून जवळच कुकरैल वाहते. शहरातील बहुतेक लोक तिला नालाच म्हणतात. वस्तुतः ती नदी आहे. बक्शी का तालाब परिसरातील अस्ती गावाजवळ ती उगम पावते आणि गोमतीला मिळते. गोमतीही हिमनदीतून निघालेली नाही. पिलीभीत जिल्ह्यातील माधोटांडा येथील तळ्यातून ती निघते, सुमारे 960 किलोमीटर वाहते आणि वाराणसी-गाझीपूरच्या सीमेवर गंगेला मिळते. या दोन्ही नद्या मुख्यतः पावसावर व भूगर्भातील पाण्यावर जगतात. म्हणजे विंधनविहिरी जितक्या खोल जातील आणि भूजलाची पातळी जितकी खाली उतरेल, तितका उन्हाळ्यातील नदीचा प्रवाह क्षीण होईल. मग त्या कोरड्या पात्रात शहराचे सांडपाणी तेवढे वाहत राहते आणि लोक नदीला नाला म्हणू लागतात. नदीचे नाव बदलण्याची ही प्रक्रिया शिकवणे म्हणजेच भूगोल शिकवणे होय. 1960 च्या गोमतीच्या महापुराची आठवण लखनौच्या जुन्या पिढीला आहे. त्या पुरानंतर बंधारे आले. बंधाऱ्यांमुळे काही जमीन कोरडी झाली आणि कोरड्या झालेल्या जमिनीवर शहर पसरले. पूरमैदान कोणते आणि वसाहत कोणती, ही रेषा माणसाने आखली आणि माणसानेच ओलांडली.

ती ओलांडणाऱ्यांत श्रीमंतही होते आणि गरीबही. शिक्षा मात्र सारखी झाली नाही. जून 2024 मध्ये कुकरैलच्या काठावरील अकबर नगर ही वस्ती जमीनदोस्त करण्यात आली. नदीच्या पुनरुज्जीवनासाठी व नदीकाठच्या सुशोभनासाठी हे आवश्यक असल्याचे सांगण्यात आले. उच्च न्यायालयाने कारवाई वैध ठरवली होती आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला होता. हजाराहून अधिक घरे पाडली गेली आणि कुटुंबांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, हरदोई रस्त्यावरील वसंत कुंज येथील सदनिकांत पाठवण्यात आले. जुलैमध्ये त्या मोकळ्या जागेवर वृक्षारोपण सुरू झाले. त्याच महिन्यात पंत नगर, खुर्रम नगर इत्यादी वस्त्यांतील घरांवरही खुणा करण्यात आल्या. तेथील रहिवाशांत मध्यमवर्गीयांची संख्या मोठी होती. त्यांनी आवाज उठवला आणि सरकारला माघार घेऊन घरे पाडली जाणार नसल्याचे आश्वासन द्यावे लागले. नदी तीच, काठही तोच. एका वस्तीला बुलडोझर आणि दुसरीला आश्वासन, हा फरक नदीच्या पात्राने केलेला नव्हता.

नदीला मोकळे पात्र हवे, हे भूगोलाचे सत्य आहे आणि ते कोणत्याही पुरोगामी माणसाने नाकारता कामा नये. प्रश्न असा आहे की, त्या सत्याची किंमत कोणाकडून वसूल केली जाते. जवळच्या घरांत धुणीभांडी करणारी, रिक्षा चालवणारी, छोटे कारखाने चालवणारी माणसे कामाच्या ठिकाणापासून दूर फेकली गेली म्हणजे त्यांच्या दिवसाचे कितीतरी तास आणि मजुरीचा मोठा हिस्सा प्रवासात जातो. अंतर ही भूगोलातील मूलभूत संकल्पना आहे. गरिबांच्या आयुष्यात अंतर हा एक कर असतो.

प्रश्न योग्य, उत्तर अपुरे

महाराष्ट्रातील प्रत्येक दहावी उत्तीर्ण माणसाला भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेतील एक वाक्य आठवत असेल : ‘भौगोलिक कारणे लिहा.’ प्रश्न म्हणून यात दोष काढण्यासारखे काही नाही. किंबहुना शालेय शिक्षणात ‘का?’ असे सरळ विचारणारे जे थोडे प्रश्न उरले आहेत, त्यांत याची गणना केली पाहिजे. दोष उत्तराच्या मर्यादेत आहे. अमुक प्रदेशात लोकवस्ती विरळ का, तमुक ठिकाणी उद्योग का वाढले, एखाद्या भागात पाऊस कमी का, या सर्वांची उत्तरे उंच-सखलपणा, हवामान, मृदा व खनिजे या चौकटीत संपवण्याची सवय विद्यार्थ्याला लागते. जमिनीची मालकी, पाण्याचे वाटप, भांडवलाची गुंतवणूक, राज्यसंस्थेचे धोरण ही कारणे जणू भूगोलाच्या बाहेरची आहेत, असा समज त्याच्या मनात पक्का होतो. त्यातून पुढे जे तत्त्वज्ञान आपोआप तयार होते, ते सत्ताधारी वर्गाच्या सोयीचे असते. दुष्काळ पडला, कारण पाऊस कमी झाला. पूर आला, कारण पाऊस जास्त झाला. माणसे गाव सोडून गेली, कारण गाव मागास होते. निसर्गाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले की अन्य कोणाची साक्ष काढावी लागत नाही.

लातूरचे उदाहरण घ्यावे. 2016 च्या उन्हाळ्यात या शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण आटले. मार्चमध्ये पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 12 एप्रिलला पहिली गाडी लातूरला आली. लातूर पर्जन्यछायेच्या पूर्वेकडील अनिश्चित पावसाच्या पट्ट्यात येते, लागोपाठ दोन वर्षे पाऊस अपुरा झाला होता, ही कारणे खरी आहेत आणि विद्यार्थ्याने ती लिहिलीच पाहिजेत. परंतु त्याच मराठवाड्यात साखर कारखाने वाढत गेले, बारमाही पाणी पिणारा ऊस धरणाच्या व विहिरींच्या पाण्यावर पसरला, डाळी व ज्वारी यांना हमीभावाचा आधार मिळाला नाही म्हणून लहान शेतकरीही उसाकडे ओढला गेला, ही कारणे त्या उत्तरपत्रिकेत आली तर त्यांना गुण मिळतील काय? आणि मिरजेच्या बाजूला कृष्णेचे पाणी असावे, लातूरला ते गाडीने न्यावे लागावे, यात सह्याद्रीचा जितका भाग आहे, तितकाच सिंचनाच्या विषम विकासाचा नाही काय? हे सर्व एका उत्तरात आले तरच त्याला पूर्ण उत्तर म्हणता येईल.

वारसा नकाशाचा

विषयाची ही मर्यादा अपघाताने आलेली नाही. 1767 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने जेम्स रेनेल याची बंगालचा सर्व्हेअर जनरल म्हणून नेमणूक केली, ती महसूल वसूल करण्यासाठी व सैन्य हलवण्यासाठी नकाशे हवे होते म्हणून. 1802 मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला. विज्ञान म्हणून ते कार्य भव्य होते, यात शंका नाही. जगातील सर्वोच्च शिखराची उंची गणिताने सिद्ध करण्याच्या कामात राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचा वाटा मोठा होता, परंतु 1865 मध्ये शिखराला नाव मिळाले ते निवृत्त सर्व्हेअर जनरल एव्हरेस्ट याचे. साखळ्या ओढणाऱ्या, मनोरे बांधणाऱ्या, जंगलात तापाने मेलेल्या मजुरांची नावे तर कोणत्याच नकाशावर नाहीत. वसाहतीच्या शाळेत जो भूगोल आला तो या प्रशासनाच्या गरजेतून आला : राजधान्या, बंदरे, पिके, खनिजे यांची यादी. कोणता माल कोठे मिळतो, एवढे कारकुनाला ठाऊक असणे पुरेसे होते.

स्वातंत्र्यानंतर ही यादी बदलली, रीत फारशी बदलली नाही. तपशीलवार स्थलनिर्देशक नकाशे दीर्घ काळ संरक्षणाच्या कारणास्तव सामान्य नागरिकांच्या हाती येत नव्हते. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने काही दारे उघडली, तर 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांवरील बहुतेक निर्बंध उठवले. आज विद्यार्थ्याच्या खिशातील फोनमध्ये पृथ्वीचा नकाशा आहे. पण तो नकाशा त्याला दुकान, उपाहारगृह आणि वाहतूक-कोंडी दाखवतो. समोच्च रेषा, उतार, पाणी कोणत्या दिशेने वाहणार, कोणती जमीन गायरान होती आणि कोणाच्या ताब्यात गेली, हे त्यात दिसत नाही. पूर्वी नकाशा सरकारने लपवला, आता बाजाराला हवे तेवढेच तो दाखवतो. दोन्ही अवस्थांत नकाशा वाचण्याची विद्या शाळेनेच द्यावयाची असते.

पुस्तकातील चांगले आणि वर्गातील वास्तव

पाठ्यपुस्तकांवर सरसकट टीका करणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात तिसरीच्या मुलांना आपापल्या जिल्ह्याचे वेगळे पुस्तक देण्याची जी परंपरा होती, ती ‘जवळून दूरकडे’ या शास्त्रशुद्ध तत्त्वावर आधारलेली होती. 2018 मध्ये आलेल्या दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. नळदुर्गहून अलिबागपर्यंतच्या प्रवासात पठार, घाट व किनारपट्टी कशी बदलत जाते, हे त्यात विद्यार्थ्यांच्या नजरेतून दाखवले आहे. पुढील पाठांत भारत व ब्राझील यांची तुलना आहे. ही योजना करणाऱ्यांनी विचार केला होता, हे उघड दिसते.

परंतु क्षेत्रभेटीचा पाठ शाळेच्या चार भिंतींत बसून वाचला जातो. बसभाडे कोण देणार, मुलांची जबाबदारी कोण घेणार, तासिका कोठून काढणार, या प्रश्नांपुढे शिक्षक हतबल असतो. अनेक शाळांत इतिहास-भूगोल एकाच शिक्षकाच्या गळ्यात असतात आणि त्याने भूगोल महाविद्यालयात शिकलेला असतोच असे नाही. मतदार याद्या, सर्वेक्षणे, सरकारी मोहिमा यांतून उरलेल्या वेळात त्याने लेखी परीक्षेच्या 40 गुणांची तयारी करून घ्यावयाची असते. अशा शिक्षकाला दोष देऊन मोकळे होणे म्हणजे खऱ्या जबाबदाराला सोडून देणे होय.

ब्राझीलच्या बाबतीतही हेच घडते. ॲमेझॉनचे खोरे, कॉफी, सांबा यांची नोंद होते. परंतु त्याच ब्राझीलच्या रेसिफे शहरात जन्मलेल्या जोझुए दे कास्त्रो या डॉक्टराने 1946 मध्ये ‘भुकेचा भूगोल’ नावाचा ग्रंथ लिहिला आणि आपल्या देशाचा नकाशा भुकेच्या पट्ट्यांनी रंगवून दाखवला, हे आपल्या शाळांत सांगितले जात नाही. भूक ही जमिनीच्या मालकीतून व एकाच पिकाच्या सक्तीतून निर्माण होते, हवामानावर तिचे खापर फोडता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या परिषदेचे अध्यक्ष झाले. 1964 च्या लष्करी उठावानंतर त्यांचे राजकीय हक्क काढून घेण्यात आले आणि 1973 मध्ये पॅरिस येथे परागंदा अवस्थेतच त्यांचा मृत्यू झाला. भूगोलाचे पूर्ण उत्तर लिहिणाऱ्याला किती किंमत द्यावी लागते, याचा हा दाखला आहे.

विकास नगरातील विद्यार्थ्याची स्थिती आणखी बिकट आहे. उत्तर प्रदेशच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने 2018-19 पासून केंद्राच्या एनसीईआरटीची पुस्तके स्वीकारली. दहावीला तेथे इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र व अर्थशास्त्र मिळून सामाजिक विज्ञानाची एकच प्रश्नपत्रिका असते. 2022 मध्ये एनसीईआरटीने विद्यार्थ्यांवरील भार कमी करण्याच्या नावाखाली जी कपात केली, तीत अकरावीच्या भूगोलातील हरितगृह परिणामाचे विवेचन आणि नववीच्या पुस्तकातील मोसमी पावसासंबंधीचा भाग सापडला. पाऊस लहरी होत चालला असताना पावसाचेच शास्त्र कमी करणे, ही कपात कोणत्या बुद्धीने झाली असेल ती असो, तिचा परिणाम अज्ञान वाढवण्यातच होणार.

एक आक्षेप

असा आक्षेप घेतला जाईल की, मालकी, ठेके व धोरणे यांची चर्चा भूगोलाच्या तासाला आणणे म्हणजे वर्गात राजकारण आणणे होय. याचे उत्तर सरळ आहे. एखाद्या घटनेला पाच कारणे असताना त्यांपैकी दोनच शिकवणे आणि उरलेली तीन वगळणे, हेही राजकारणच आहे. विज्ञानाची मागणी एवढीच असते की, सर्व कारणे तपासावीत आणि पुराव्याने सिद्ध होतील ती स्वीकारावीत.

दुसऱ्या बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे. निसर्गाचे नियम बाजूला सारून सर्व काही धोरणाच्या माथी मारणे हा तितकाच अशास्त्रीय प्रकार ठरेल. सह्याद्री मोसमी वारे अडवतो, गाळाची जमीन पाणी धरते व सोडते, नदीला पूरमैदान लागते. ही सत्ये कोणतीही राज्यव्यवस्था रद्द करू शकत नाही. एंगेल्सने निसर्गावर मिळवलेल्या प्रत्येक विजयाचा निसर्ग सूड घेतो हे दाखवताना मेसोपोटेमिया व ग्रीस येथील जंगलतोडीची उदाहरणे दिली होती. ज्याला पर्जन्यमान वाचता येत नाही, त्याला पाण्याच्या वाटपाबद्दल बोलण्याचा अधिकार सिद्ध करता येणार नाही. म्हणून प्राकृतिक भूगोल कमी करून चालणार नाही. तो अधिक काटेकोरपणे शिकवला पाहिजे आणि तेथून पुढचे पाऊल टाकले पाहिजे.

काय करता येईल

हे पाऊल टाकण्यासाठी नव्या पुस्तकाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांनी शाळेभोवतालच्या एका मैलाचा नकाशा स्वतः काढावा : उतार कोणत्या बाजूला, नळाचे पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, पावसाळ्यात पाणी कोठे साचते, जवळचा ओढा कोणत्या नदीला मिळतो, कोणत्या वस्तीत नळ आहे आणि कोणत्या वस्तीत रांग आहे. याला बसभाडे लागत नाही. विकास नगरातील मुलांनी कुकरैलच्या काठाने एक फेरी मारली तरी गाळ, भूजल, पूरमैदान व पुनर्वसन हे चार पाठ एका सकाळी होतील.

शिक्षक संघटनांनी भूगोल शिकलेल्या शिक्षकांच्या नेमणुका, प्रत्येक शाळेला त्या परिसराचा स्थलनिर्देशक नकाशा आणि क्षेत्रभेटीचा सरकारी खर्च, या मागण्या वेतनाच्या मागण्यांइतक्याच आग्रहाने मांडाव्यात. पालकांच्या खिशातून क्षेत्रभेट झाली की गरिबाचे मूल शाळेतच मागे राहते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांवर असा दबाव आला पाहिजे की, नैसर्गिक कारणांबरोबर मानवी कारणे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला गुण मिळतील. आणि जे कार्यकर्ते पाणी, जमीन व घर यांच्या लढ्यांत उतरतात, त्यांनीही आपल्या भागाचा नकाशा वाचण्यास शिकले पाहिजे. धरणाचा साठा, नदीची पूररेषा, भूजलाची पातळी यांचे आकडे समोर ठेवून बोलणाऱ्या मोर्चाला अधिकारी सहज परत पाठवू शकत नाहीत.

नाशिकच्या गाडीतून लखनौला उतरलेल्या मजुरांपैकी अनेकांची मुले आज माध्यमिक शाळेत असतील. त्यांच्या बापाने कोणत्या नदीकाठचे गाव सोडले, कोणत्या धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या कारखान्यात तो राबला आणि संकट येताच त्याला परत का पाठवण्यात आले, हे त्यांना घरी कळले आहे. शाळेत त्याची कारणे कळली पाहिजेत. प्रश्नपत्रिकेतील ते जुने वाक्य तसेच राहू द्यावे. त्याखाली उत्तरासाठी पुरेशी जागा मात्र सोडावी लागेल.